सार्वत्रिक अशक्तपणाची तातडीची तपासणी

सार्वत्रिक अशक्तपणा हे एखाद्या आजाराचे नाव नसून रुग्णाची तक्रार आहे. शरीराच्या एकाच भागापुरती मर्यादित नसलेली, सर्वांगाला जाणवणारी बलहीनता असे तिचे स्वरूप असते. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे असते. तिच्यामागे जागरण किंवा उपवास असू शकतो. तसेच हृदयविकाराचा झटका, रक्तातील साखर घसरणे, जंतुसंसर्ग, कीटकनाशकाची विषबाधा किंवा मण्यार सापाचा दंशही असू शकतो. त्यामुळे तातडीच्या तपासणीचा पहिला हेतू नेमके निदान करणे हा नसतो. काही मिनिटांत अथवा तासांत जीव घेऊ शकणारी कारणे शोधणे किंवा वगळणे, हा तो हेतू असतो.

शब्द आणि अर्थ

मराठीत ही तक्रार अनेक शब्दांनी मांडली जाते. ‘अंगात त्राण नाही’, ‘हातपाय गळाले’, ‘गळून गेल्यासारखे वाटते’, ‘हातापायांत जीव नाही’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ हे त्यांतील काही प्रयोग होत. वैद्यकीयदृष्ट्या त्यांत किमान तीन वेगळ्या अवस्था मिसळलेल्या असतात.

१. स्नायूंचे बळ कमी होणे : रुग्णाने मनापासून प्रयत्न करूनही हात वर जात नाही, उकिडवे बसल्यावर उठता येत नाही किंवा पापणी उघडत नाही. अशा वेळी मेंदू, मज्जारज्जू, चेता किंवा स्नायू यांपैकी कशात तरी बिघाड असतो.

२. थकवा : बळ तपासल्यास ते पुरेसे आढळते, पण काम सुरू केल्यावर रुग्ण लवकर थकतो. रक्तक्षय, ताप, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांत हे दिसते.

३. भोवळ किंवा मूर्च्छेची जाणीव : रक्तदाब किंवा साखर घसरल्याने अथवा हृदयाची गती बिघडल्याने रुग्णाला आता आपण पडणार असे वाटते.

रुग्ण तिन्हींसाठी ‘अशक्तपणा’ हा एकच शब्द वापरतो. तो शब्द उलगडणे ही तपासणीची पहिली पायरी होय.

स्थानिक पार्श्वभूमी

जीवघेण्या कारणांची यादी जगभर बरीचशी सारखी असली, तरी त्यांचा क्रम प्रदेशानुसार बदलतो. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याचा जिंतूर तालुका हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकवणाऱ्या या भागात पावसाळ्यात शेतकरी व शेतमजूर कीटकनाशकांची फवारणी करतात आणि त्याच काळात सर्पदंशाचे प्रमाण वाढते. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. जिल्ह्याचे ठिकाण असलेले परभणी जिंतूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा दीर्घकाळ कृत्रिम श्वसनाची सोय लागल्यास रुग्णाला परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे न्यावे लागते. म्हणून अशा ठिकाणी ‘रुग्णाला काय झाले आहे’ या प्रश्नाइतकाच ‘हा रुग्ण वाट पाहू शकतो का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पहिली दहा मिनिटे

हकीकत सविस्तर ऐकण्यापूर्वी, किंबहुना ती ऐकत असतानाच, पुढील बाबी पाहिल्या जातात.

* श्वसनमार्ग व श्वसन : रुग्णाला पूर्ण वाक्य बोलता येते का, लाळ गिळता येते का, श्वासांची गती किती आहे. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारणपणे १२ ते २० वेळा श्वास घेते.
* नाडी व रक्तदाब : नाडी फार जलद, फार मंद किंवा अनियमित आहे का, वरचा रक्तदाब ९० मिलिमीटरच्या खाली आहे का.
* रक्तातील प्राणवायूचे प्रमाण व शरीराचे तापमान.
* जाणीव : रुग्ण नेहमीप्रमाणे ओळखतो व बोलतो का, की गोंधळलेला आहे.
* रक्तातील साखर : बोटातील रक्ताच्या थेंबावर मिनिटभरात होणारी चाचणी.
* ईसीजी : हृदयविकाराचा झटका, हृदयाची मंदावलेली किंवा बिघडलेली गती आणि रक्तातील पोटॅशियममधील धोकादायक बदल यांच्या खुणा त्यात दिसू शकतात.

साखरेची चाचणी आणि ईसीजी या दोहोंना विशेष महत्त्व आहे. दोन्ही स्वस्त आहेत, लहान रुग्णालयातही होऊ शकतात आणि त्यांतून कळणाऱ्या धोक्यांवर तातडीने उपाय करता येतो. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास ती कमी मानतात आणि ५४च्या खाली गेल्यास स्थिती गंभीर समजतात. शुद्धीवर असलेल्या व गिळू शकणाऱ्या रुग्णाला साखरेचे पाणी देता येते. शुद्ध हरपत असल्यास तोंडाने काहीही न देता शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते.

रुग्णाची हकीकत

सर्वांत उपयुक्त प्रश्न साधा असतो : काल किंवा गेल्या आठवड्यात जे करता येत होते, त्यांपैकी आज काय करता येत नाही? ‘परवापर्यंत शेतात जात होती, आज अंथरुणातून उठवत नाही’ हे उत्तर ‘फार अशक्तपणा आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते. त्यानंतर पुढील मुद्दे विचारले जातात.

* सुरुवात : क्षणात, काही तासांत, काही दिवसांत की काही महिन्यांत.
* जागा : दोन्ही बाजू की एकच, पायांपासून वर की डोळ्यांपासून खाली.
* सोबतची लक्षणे : ताप, उलट्या, जुलाब, धाप, छातीत दडपण, पोटदुखी, लघवी तुंबणे.
* रक्तस्राव : पाळीत जास्त अंगावरून जाणे, डांबरासारखा काळा शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळा होतो, म्हणून औषधांची चौकशी करणे आवश्यक असते.
* औषधे : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबाची व लघवी वाढवणारी औषधे, वेदनाशामक गोळ्या. सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यानेही रक्तदाब कोसळून तीव्र अशक्तपणा येऊ शकतो.
* परिसर : फवारणी केली होती का, उन्हात काम केले होते का, रात्री जमिनीवर झोपले होते का.
* उपवास : नवरात्र, एकादशी किंवा रमजान यांच्या काळात मधुमेहाचे औषध नेहमीच्याच मात्रेत घेतले गेले होते का.
* गर्भधारणेची शक्यता : प्रजननक्षम वयातील स्त्रीला अशक्तपणा, भोवळ आणि पोटदुखी एकत्र असल्यास गर्भाशयाबाहेरील गर्भ फुटून पोटात रक्तस्राव झालेला असू शकतो.

घरच्यांची माहिती रुग्णाच्या माहितीइतकीच मोलाची असते. औषधांची नावे आठवत नसल्यास गोळ्यांची पाकिटे मागवली जातात.

बळाची तपासणी

हात व पाय यांचे बळ ० ते ५ या श्रेणीत नोंदवतात. ० म्हणजे स्नायूत हालचालीचा लवलेशही नसणे, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येणे आणि ५ म्हणजे पूर्ण बळ. त्याबरोबर गुडघा व घोटा येथील प्रतिक्षिप्त क्रिया, स्पर्शाची जाणीव, पापण्या, डोळ्यांच्या बाहुल्या आणि मानेचे बळ पाहतात. रुग्णाला शक्य असल्यास उठवून चार पावले चालवणे, हीदेखील एक चाचणीच आहे.

बळ खरोखर कमी आढळल्यास त्याच्या मांडणीवरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

* चेहऱ्याची किंवा शरीराची एकच बाजू, एकाएकी : पक्षाघात. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ नोंदवणे अत्यावश्यक ठरते.
* दोन्ही पाय, लघवी तुंबणे, कमरेच्या किंवा छातीच्या एका पातळीखाली संवेदना नसणे : मज्जारज्जूवर दाब किंवा दाह.
* पायांपासून वर चढत जाणारी दुर्बलता व नाहीशा झालेल्या प्रतिक्षिप्त क्रिया : गियाँ-बारे संलक्षण.
* पापण्या मिटणे, दुहेरी दिसणे, मग गिळणे व बोलणे अवघड होणे : मण्यार किंवा नागाचा दंश, मायस्थेनिया ग्रेव्हिस, क्वचित अन्नातून होणारा बोट्युलिझम.
* खांदे व मांड्या यांचे बळ जाणे, जिना चढता न येणे : स्नायूंचे विकार.
* अल्पावधीत चारही अवयव ढिले पडणे, शुद्ध मात्र शाबूत असणे : इतर कारणांबरोबरच रक्तातील पोटॅशियम फार कमी होणे.

पुणे शहरात सिंहगड रस्ता व लगतच्या परिसरात जानेवारी २०२५मध्ये गियाँ-बारे संलक्षणाचे अनेक रुग्ण अल्पावधीत आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आतड्यांचा जंतू सापडला. जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांतील बळ जाऊ लागले, तर तो केवळ जुलाबाचा थकवा मानू नये, हा धडा या घटनेने दिला.

पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत एकाएकी लुळेपणा आल्यास त्याची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, म्हणजेच भारतालाही, २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले; तरीही पोलिओवरील पाळत म्हणून ही नोंद चालू आहे. अशा मुलाच्या शौचाचे दोन नमुने किमान २४ तासांच्या अंतराने आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत घेतले जातात.

श्वसनाच्या स्नायूंकडे लक्ष

स्नायूंचे बळ जात असलेल्या रुग्णाला सर्वांत मोठा धोका श्वसन थांबण्याचा असतो. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण अशा रुग्णात अखेरपर्यंत चांगले दिसू शकते. ते घसरेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दोन साध्या कसोट्या वापरतात. पहिलीत रुग्णाला दीर्घ श्वास घेऊन एका दमात अंक मोजायला सांगतात. सुमारे २०च्या पुढे मोजता न येणे हे धोक्याचे लक्षण समजतात. दुसरीत रुग्णाला उताणे झोपवून डोके उशीवरून उचलायला सांगतात. मानेचे बळ जाणे हे श्वसनाचे स्नायूही दुर्बल होत असल्याचे सूचक असते. या कसोट्यांना कोणतेही यंत्र लागत नाही आणि त्या ठरावीक वेळाने पुन्हा करता येतात.

ग्रामीण भागात विशेष लक्षात घ्यावयाची कारणे

मण्यार दंश

मण्यार हा निशाचर साप आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो पहाटेच्या सुमारास चावतो तेव्हा वेदना व सूज फारशी नसते आणि दाताच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. रुग्ण सकाळी पोटदुखी, उलटी, गळाठा आणि जड झालेल्या पापण्या घेऊन येतो. ‘साप चावला’ असे तो सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ग्रामीण भागातील मण्यार व नाग यांच्या दंशाच्या रुग्णांवरील लेखन २००४मध्ये प्रसिद्ध केले आहे. भारतात मिळणारी सर्पविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर दिली जाते. पूर्ण लुळा पडलेला रुग्ण बेशुद्ध वाटला, तरी त्याला ऐकू येत असू शकते. वेळेवर कृत्रिम श्वसन मिळाल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात.

कीटकनाशकांची विषबाधा

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके श्वासातून व त्वचेतूनही शरीरात जातात. बारीक झालेल्या बाहुल्या, घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, मंद नाडी आणि स्नायूंची फडफड ही त्यांची लक्षणे होत. अंगावरील कपडे काढून त्वचा साबणाने धुणे आणि अॅट्रोपिन देणे हे तातडीचे उपचार आहेत. रुग्ण सुधारल्यासारखा वाटल्यानंतर साधारण एक ते चार दिवसांत मान व श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊ शकतात, म्हणून त्याला लवकर घरी सोडत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात कापसावरील फवारणीतून अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचा मृत्यू झाला. त्या घटनेने फवारणी हा प्रश्न हकीकतीत विचारण्याचे महत्त्व अधोरेखित केले.

उष्माघात

उन्हात काम केल्यावर येणारा गळाठा, घाम व डोकेदुखी सावली, विश्रांती आणि पाणी यांनी ओसरते. मात्र शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊन रुग्ण बरळू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात होय. त्यात अंग पाण्याने भिजवून वारा घालणे आणि शरीर लवकरात लवकर थंड करणे हाच मुख्य उपचार असतो. तापाच्या गोळ्यांचा त्यात उपयोग होत नाही.

रक्तक्षय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. हे कारण इतके सर्रास आढळते, की त्यातच एक धोका दडलेला आहे. ‘रक्त कमी आहे’ एवढे कळले की शोध तिथेच थांबतो. परंतु हळूहळू झालेला रक्तक्षय शरीर बराच काळ पेलते. कालपर्यंत काम करणारी स्त्री आज उठू शकत नसेल, तर जुन्या रक्तक्षयावर नवे काय घडले, हे पाहावे लागते.

वृद्ध रुग्ण

वृद्धांत गंभीर आजाराची नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखत नाही, न्यूमोनियात ताप येत नाही, मूत्रमार्गाच्या संसर्गात जळजळ होत नाही. केवळ ‘गळून गेले’ एवढेच दिसते. मधुमेह असलेल्या रुग्णांत व स्त्रियांतही वेदनेविना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झालेल्या व २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशक्तपणासारख्या मोघम तक्रारी घेऊन आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ३० दिवसांत गंभीर आजार असल्याचे आढळले. म्हणून ‘वयामुळे असे होते’ हे तपासणीअंती काढलेले अनुमान असू शकते, तपासणी टाळण्याचे कारण असू शकत नाही.

वृद्धांत औषधांचे परिणामही तपासावे लागतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटू शकते. मूत्रपिंड दुबळे असल्यास मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम लांबतो आणि एकदा वाढवलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरते. अशा रुग्णाला शुद्ध येताच घरी पाठवणे धोक्याचे असते.

चाचण्या

साखर व ईसीजी यांच्यानंतर हिमोग्लोबिन व पेशींची गणना, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि गरजेप्रमाणे गर्भधारणेची चाचणी, छातीचा एक्स-रे, मलेरिया व डेंग्यू यांच्या चाचण्या केल्या जातात. सोडियमची सामान्य पातळी १३५ ते १४५ आणि पोटॅशियमची साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असते. पोटॅशियम फार वाढल्यास हृदय थांबू शकते. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचे डायलिसिस चुकले असल्यास ही शंका सर्वप्रथम घेतात. फार काळ कमी असलेले सोडियम घाईने वाढवल्यास मेंदूला इजा होते. मेंदूचे स्कॅनिंग प्रत्येक रुग्णाला लागत नाही. एका बाजूचे बळ जाणे, शुद्धीतील बदल किंवा डोक्याला मार असल्यास ते आवश्यक ठरते.

सलाईन आणि अशक्तपणा

अशक्तपणा आला की ‘एक बाटली लावून घ्यावी’ ही समजूत ग्रामीण महाराष्ट्रात रूढ आहे. पाचशे मिलिलिटर साध्या सलाईनमध्ये पाणी आणि सुमारे ४.५ ग्रॅम मीठ असते. ऊर्जा अजिबात नसते. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम १०० किलोकॅलरी. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटले असल्यास, तीव्र जंतुसंसर्गात रक्तदाब कोसळला असल्यास किंवा रुग्ण तोंडाने पिऊ शकत नसल्यास सलाईन जीवदायी ठरते. पिऊ शकणाऱ्या रुग्णाचे काम बहुधा जलसंजीवनीने भागते.

हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णात मात्र बाटलीतील पाणी फुप्फुसांत साचून धाप वाढते. याहून मोठी हानी वेळेची असते. बाटली संपेपर्यंतचा तास-दोन तासांचा काळ हृदयविकार, पक्षाघात किंवा मण्यार दंशाच्या रुग्णासाठी निर्णायक असतो, आणि आडवे पडून तात्पुरते बरे वाटल्याने तो नकळत निघून जातो. म्हणून सलाईन लावण्यापूर्वी निदान नाडी, रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहणे अपेक्षित असते.

पुढील रुग्णालयात पाठवणे

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४मध्ये सुरू झाली. तिच्या रुग्णवाहिकांत प्रगत व प्राथमिक या प्रकारांचा समावेश आहे. श्वसनाचे बळ घटत असलेल्या रुग्णासोबत कृत्रिम श्वास देऊ शकणारी व्यक्ती व साधने असणे आवश्यक असते. सर्पदंशात लस उपलब्ध असल्यास ती सुरू करूनच रुग्ण हलवला जातो. पाठवणीच्या चिठ्ठीत लक्षणे सुरू झाल्याची वेळ, पहिल्या तपासणीतील नाडी, रक्तदाब, साखर व बळाची नोंद, दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा लिहिल्या जातात. ईसीजीची पट्टी सोबत दिली जाते. पहिल्या नोंदीशी तुलना केल्याशिवाय रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे, हे पुढील डॉक्टरला कळू शकत नाही.

विलंब न करता रुग्णालयात न्यावयाची लक्षणे

* एकाएकी आलेला किंवा तासागणिक वाढणारा अशक्तपणा.
* तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात किंवा पाय न उचलणे.
* पापण्या मिटणे, गिळता न येणे, आवाज घोगरा किंवा अनुनासिक होणे.
* धाप, छातीत दडपण, थंड घाम, शुद्ध हरपणे.
* काळा शौच, रक्ताची उलटी, गर्भवतीला रक्तस्राव.
* फवारणीनंतर किंवा जमिनीवर झोपून उठल्यानंतर जाणवलेला गळाठा.
* मधुमेहाचे औषध घेणाऱ्या व्यक्तीतील गोंधळ व घाम.
* वृद्ध व्यक्तीचे नेहमीचे उठणे-बसणे एक-दोन दिवसांत बंद होणे.

हेही पहा

* सर्पदंश
* उष्माघात
* पक्षाघात
* रक्तक्षय
* मधुमेह
* गियाँ-बारे संलक्षण
* जलसंजीवनी